नववं मिनिट

धाकटीच्या सातव्या धड्यात चूक सापडेना, म्हणून थोरलीचं डोकं फिरलं होतं. आधीच्या सहा धड्यांत निदान बारीकसारीक तरी काही हाती लागलं होतं. एकदा कंपासचं टोक सरकलं होतं, एकदा आकृतीतलं अक्षर लिहायचं राहून गेलं होतं, एकदा बाईसाहेब बोलता बोलता चक्क शिंकल्या होत्या. ते सगळं थोरलीनं एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तारीखवार लिहून ठेवलं होतं. सातव्या धड्याचं पान मात्र कोरंच.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. एकाच इमारतीत राहायच्या, थोरली तळमजल्यावर आणि धाकटी तिच्या डोक्यावर, आणि शिकवायच्याही एकाच शाळेत. थोरलीची बावीस वर्षं तिथं भूमिती शिकवण्यात गेली होती. शाळेत तिला 'भूमितीच्या बाई' म्हणत, आणि दहावीचा वर्ग तिचा, हे शाळेच्या घंटेइतकं ठरलेलं होतं. धाकटीला शाळेत चिकटवलं तेही तिनंच, तीन वर्षांपूर्वी, मुख्याध्यापकांकडे स्वतः शब्द टाकून. हौसेनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं ती आता नवऱ्याला दिवसातून दोनदा ऐकवायची. तो बिचारा वर्तमानपत्र जरा वर धरायचा.

झालं होतं असं, की त्या वर्षापासून शाळेनं नवी पद्धत आणली. सोमवार ते बुधवार मुलांनी शाळेत यायचं, गुरुवारी-शुक्रवारी घरी बसून फोनवर किंवा कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेले धडे बघायचे. नवीन शिकवायचं ते सगळं धड्यांत. शाळेतल्या दिवसांत फक्त गणितं सोडवायची आणि 'शंकेचा तास' घ्यायचा. भूमितीचे धडे कोण रेकॉर्ड करणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा विचारलं थोरलीलाच. आणि ती भर बैठकीत म्हणाली, "मी मुलांसमोर शिकवते, भिंतीसमोर नाही." टाळ्या पडल्या. ती बसली. मग धाकटीनं हळूच हात वर केला आणि म्हणाली, "मी करून बघू का?"

टाळ्यांचं काय, त्या दोन मिनिटांत विरल्या. काम धाकटीकडे गेलं.

थोरलीनं त्याच आठवड्यात घरी कुणी नसताना पुस्तकांच्या थप्पीला फोन टेकवून स्वतः एक धडा करून बघितला होता. हे कुणालाच माहीत नाही. बावीस वर्षं जिच्या आवाजानं मागच्या बाकावरची पोरं दचकून जागी व्हायची, तिच्या तोंडून "तर मुलांनो" च्या पुढं शब्द फुटेना. समोर मुलं कुठं होती? समोर एक काळा ठिपका होता. सात वेळा सुरू केलं, सात वेळा पुसलं, आणि मग ती भाजी चिरायला बसली.

तेव्हापासून शिकवणार धाकटी, आणि उष्टी काढणार थोरली. शंकेचा तास म्हणजे दुसरं काय? पोरं यायची आणि म्हणायची, "बाई, व्हिडिओतल्या बाईंनी असं केलंय." व्हिडिओतल्या बाई! थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं, की हे सत्र बघू, आणि सत्राच्या शेवटी दहावीची भूमिती रेकॉर्ड कोण करणार ते कायमचं ठरवू. म्हणजे त्या दिवसापासून एक जण शिकवणार आणि दुसरी जन्मभर शंका निस्तरणार. थोरलीला दहावी परत हवी होती. त्यासाठीच ती मागच्या पानांची वही.

धडे बघायला प्रत्येक शिक्षकाला नाव आणि पासवर्ड मिळाला होता, बंद लिफाफ्यात. थोरलीनं तो उघडलाच नाही. कोण कुठला धडा बघतं, कुठं थांबतं, कुठं मागं जातं, हे सगळं म्हणे शाळेच्या रिपोर्टात दिसायचं. भूमितीच्या बाई धाकट्या जावेचे धडे बघत बसतात हे शाळेला कळणं? त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी! मग तिनं सोपा मार्ग काढला. तिची लेक दहावीतच होती. लेक आंघोळीला गेली, मैत्रिणीकडे गेली, दुपारी डोळा लागला, की थोरली तिचा फोन घ्यायची आणि कानात ती छोटी बोंडं घालून स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहायची.

सातवा धडा वर्तुळाचा होता. एकाच कंसातले कोन सारखे असतात, हे प्रमेय. थोरलीनं ते बावीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. सुबक आकृती, रंगीत खडू, पाच ओळींची सिद्धता, "घोकून या" आणि पुढं. धाकटीनंही आठ मिनिटं तसंच केलं. मग नववं मिनिट आलं.

नवव्या मिनिटाला धाकटीनं एक लाकडी गोल फळी समोर घेतली. कडेला दोन खिळे ठोकलेले. त्या खिळ्यांना तिनं रबरबँड अडकवलं आणि पेन्सिलीच्या टोकानं ओढून फळीच्या दुसऱ्या कडेला नेलं. पेन्सिलीपाशी कोन झाला. त्या कोनात तिनं पुठ्ठ्याचा एक तिकोनी तुकडा बसवला, अगदी फिट्ट. मग पेन्सिल कडेकडेनं सरकवायला लागली. रबर इकडून लांबलं, तिकडून आखडलं, आकार पार वेडावाकडा झाला. जिथं थांबेल तिथं तोच तुकडा लावून बघायची. प्रत्येक वेळी फिट्ट. "जागा बदलली," ती म्हणाली, "कोन बदलला नाही." आणि मग काहीच बोलली नाही. चांगली दहा सेकंद गप्प. शेवटी स्वतःशीच हसली, जसं काही तिलाच आत्ता कळलं.

थोरलीनं ते बघितलं आणि हातातली पळी ओट्यावर ठेवली.

काहीतरी लबाडी असणार, असं वाटून तिनं मागं जाऊन पुन्हा बघितलं. पुठ्ठा बदलला असेल, बोटानं दाबला असेल. पुन्हा बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी भात लावून पुन्हा. शेवटी स्वयंपाकघरातलं गोल लाकडी स्टूल घेतलं, कडेला दोन खिळे ठोकले आणि रबरबँड लावलं. तुकडा कापला, फिरवला. फिट्ट! मेलं सगळीकडे फिट्ट!

नवरा पाणी प्यायला आला आणि सवयीनं स्टुलावर टेकणार, तेवढ्यात त्याला खिळे दिसले.

"या स्टुलानं तुझं काय वाकडं केलं?" त्यानं विचारलं.

"शाळेचं काम आहे."

"शाळेत खिळ्यांवर बसवता का आता मुलांना?"

तिला हसूसुद्धा आलं नाही. एवढी साधी गोष्ट. दोन खिळे आणि एक रबर. बावीस वर्षांत आपल्याला का सुचली नाही? चूक असती तर बरं झालं असतं. चूक नव्हती, आणि दर दोन दिवसांनी ते मिनिट बघितल्याशिवाय चैनही पडत नव्हतं. दुखऱ्या दाताला जीभ लागत राहते, तसं चाललं होतं.

लेक एकदा जेवताना सहज म्हणाली, "काकू छान शिकवते गं. कळलं नाही तर थांबवता येतं."

"मला विचार की. मी घरातच आहे."

"तुला थांबवता येत नाही," लेक म्हणाली. बाप ठसका लागेपर्यंत हसला. थोरली ताट घेऊन उठली.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात बैठक झाली. मुख्याध्यापकांनी भिंतीवरच्या पडद्यावर रिपोर्ट लावला. प्रत्येक धड्याची एक रेघ. मुलं जिथं मागं जाऊन पुन्हा बघतात तिथं रेघ वर चढते. सहा धड्यांच्या रेघा सपाट होत्या. सातव्याची रेघही आठ मिनिटं सरळ चालली, आणि नवव्या मिनिटाला जो सुळका वर गेला तो थेट पडद्याच्या चौकटीला टेकला.

"याचा अर्थ सरळ आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "इथं मुलांना कळत नाहीये. पुन्हा पुन्हा मागं जावं लागतंय. धडा इथं कच्चा आहे."

थोरलीला आधी काय झालं म्हणाल, तर आनंद झाला. असा निखळ, लहान मुलासारखा आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता. तिनं मान वळवून धाकटीकडे बघितलंसुद्धा. धाकटी पडद्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा थप्पड बसल्यासारखा झाला होता. मग थोरलीनं पुन्हा त्या सुळक्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो सुळका मुलांचा नव्हता. तो तिचा होता. अख्खाच्या अख्खा.

"पुढच्या सत्रापासून दहावीचे धडे भूमितीच्या बाईंनीच करावेत, असं मला वाटतं," मुख्याध्यापक म्हणत होते. "बाई, आता नाही म्हणू नका."

सगळे तिच्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. तिनं घसा साफ केला आणि म्हणाली, "बघते."

संध्याकाळी धाकटी जिना उतरून खाली आली. फळी काखेत आणि डोळे सुजलेले. "ताई, जरा वेळ आहे का?" असं म्हणून आत आली आणि बसायला स्टूल ओढलं. तिला खिळे दिसले. खिळ्यांना रबरबँड तसंच लटकत होतं.

थोरलीला वाटलं, संपलं. आता ही विचारणार.

"अय्या, ताई!" धाकटी म्हणाली. "तुम्ही करूनसुद्धा बघितलंत? माझ्यासाठी?" तिचे डोळे पुन्हा भरून आले. "मग तुम्हाला नक्की कळलं असणार. सांगा ना, कुठं चुकलं माझं? मी दुपारपासून शोधतेय, मला सापडतच नाही."

इथं थोरलीला खरं सांगता आलं असतं. कुणी नव्हतं घरात. पण ती पोर इतक्या भरवशानं बघत होती, की त्याचाच तिला राग आला. सुचतंही हिलाच, रडतेही हीच, आणि भोळीही हीच! सगळं हिलाच का?

"पसारा फार झाला," ती म्हणाली. "फळी, खिळे, रबर. मुलांचं लक्ष खेळण्याकडे जातं, कोनाकडे नाही. साधी आकृती काढायची आणि सिद्धता सांगायची. आणि मध्येच तू गप्प बसतेस ना, त्यात पोरांना वाटतं फोन बंद पडला."

"हो का?" धाकटी म्हणाली. फळीवरचं रबर तिनं काढून घेतलं. "हो, तसंच असेल. तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असेल." आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी सत्राचा शेवटचा शंकेचा तास होता. संगणकाच्या सरांनी वर्गाच्या दारातच थोरलीच्या हातात एक कागद ठेवला. "सुळक्यातली नावं काढलीत, बाई. या मुलांना आधी समजावा. तशी नावं तीनच आहेत. दोघं दोन-दोन वेळा मागं गेलेत. आणि हे पहिलं नाव..." ते जरा अवघडले. "त्रेसष्ट वेळा."

पहिलं नाव तिच्या लेकीचं होतं.

थोरली वर्गात शिरली. कच्च्या मुलांना पहिल्या बाकावर बसवायची पद्धत होती, आणि पद्धत तिचीच, बावीस वर्षांची. पहिल्या बाकावर लेक बसली होती. आठवीपासून भूमितीत पैकीच्या पैकी घेणारी लेक. सगळ्या वर्गाला आकडा आधीच कळलेला दिसत होता, कारण मागं खुसफुस चालली होती. आणि अगदी शेवटच्या बाकावर, मुलांच्यात मूल होऊन, धाकटी वही उघडून बसली होती. आपलं काय चुकलं ते ऐकायला आली होती.

"हं," थोरली म्हणाली. "शंका?"

लेक उभी राहिली. शाळेत आई म्हणायचं नाही, हा नियम घरात पहिलीपासून होता. "बाई," ती म्हणाली, "सातव्या धड्यातलं नववं मिनिट."

"त्याचं काय?"

"समजलं नाही. त्रेसष्ट वेळा बघूनसुद्धा."

वर्ग खो खो हसला. लेक हसली नाही. तिचे कान लाल झाले होते आणि ती सरळ आईच्या डोळ्यांत बघत होती. तिला सगळं माहीत होतं. फोन हातात घेतला की तो कुठल्या मिनिटावर उघडतो, ते काय तिला दिसत नव्हतं? माहीत असून ती येऊन पहिल्या बाकावर बसली होती, आणि कुणाला एक चकार शब्द बोलली नव्हती. आता आई काय करते, एवढंच तिला बघायचं होतं.

थोरलीनं खडू उचलला. वर्तुळ काढलं, हातानंच, कंपास न घेता. तिचं वर्तुळ बावीस वर्षांत कधी वाकडं आलं नव्हतं, ते आज आलं. दोन मिनिटांत प्रमेय सांगून लेकीला खाली बसवता आलं असतं. दहावी तिची झाली असती. तिनं खडू ठेवला.

"हिनं तो धडा एकदाच बघितलाय," ती म्हणाली. "ते त्रेसष्ट वेळा मागं जाऊन मी बघितलाय. हिच्या फोनवर, हिला न सांगता."

मग खिडकीकडच्या एका पोरानं अगदी काळजीनं विचारलं, "बाई, तुम्हाला समजला नव्हता?"

"समजला होता रे. पहिल्याच वेळी समजला होता," थोरली म्हणाली. "तेच सहन होईना." आणि मग ती शेवटच्या बाकाकडे बघून बोलली, कारण आता थांबणं तिला जमलंच नसतं. "त्यात काही चूक नाही. पसाराबिसारा काही नाही. काल मी खोटं बोलले. ते मला सुचलं नाही आणि तुला सुचलं, म्हणून माझ्या पोटात दुखतंय. अजून दुखतंय."

धाकटी उठून उभी राहिली होती. ती रडेल असं थोरलीला वाटलं होतं. पण ती रागावली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"ताई, मी ते पुसलं," ती म्हणाली. "रात्रीच साधी आकृती काढून नवीन रेकॉर्ड केलं. आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत फळी टाकली." वही मिटून ती वर्गाबाहेर गेली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. ते ओरडले नाहीत, हेच वाईट. दहावीचे धडे धाकटीकडे कायम झाले आणि शंकेचा तास थोरलीकडे. लेकीचं नाव कागदावरून खोडलं गेलं.

घरी आल्यावर थोरलीनं सवयीनं लेकीचा फोन उचलला. पासवर्ड बदललेला होता.

"तुझा लिफाफा आहे ना?" लेक वहीतून डोकं वर न काढता म्हणाली.

थोरलीनं कपाटाच्या खणातून लिफाफा काढून फाडला. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावानं सातवा धडा लावला आणि थेट नवव्या मिनिटावर गेली. एक सुबक आकृती होती. पाच ओळींची सिद्धता होती. धाकटीचा आवाज सपाट येत होता, आणि शेवटी ती म्हणाली, "घोकून या." फळी नव्हती, ती दहा सेकंदं नव्हती, ते हसू नव्हतं. थोरली बावीस वर्षं शिकवत होती अगदी तसंच होतं सगळं. तिला पुढचं बघवलं नाही.

ती उठली. स्टूल उचललं, खिळ्यांसकट, आणि जिना चढून वरचं दार वाजवलं. धाकटीनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"पुन्हा कर," थोरली म्हणाली. "यावर कर. फोन मी धरते."

धाकटीनं स्टुलावरच्या खिळ्यांकडे बघितलं. मग बाजूला झाली. टेबल खिडकीपाशी ओढलं, त्यावर स्टूल ठेवलं, रबर अडकवलं, पुठ्ठा कापला. थोरली समोर फोन धरून उभी राहिली. पडद्यावरच्या चौकटीत धाकटीनं पेन्सिल सरकवली, तुकडा बसवला, पुन्हा सरकवली, पुन्हा बसवला. जागा बदलली, कोन बदलला नाही. मग ती गप्प झाली. एक, दोन, तीन, थोरली मनात मोजत होती. इतक्या जवळून बघितलं तर ते आणखीच चांगलं होतं, आणि आणखीच दुखत होतं.

"ताई," धाकटी पडद्यातूनच म्हणाली, "फोन हलवू नका."

"नाही हलवत," थोरली म्हणाली, आणि एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरलं.